पडवळाचं पदक

रत्नागिरीतल्या काही बागप्रेमी मंडळींनी एक मंडळ काढलं होतं. त्याचं नाव सात शब्दांचं होतं. ते एका दमात म्हणू शकणारा एकच माणूस मंडळात होता, आणि त्यालाच अध्यक्ष केलं गेलं. निदान मी तरी त्या निवडणुकीचा अर्थ तसा लावला. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, आणि अक्षर बरं असल्यामुळे मंडळाचा चिटणीस होतो.

बागेशी माझा संबंध विचाराल तर तो न्हाणीच्या पाण्यापुरता होता. मांडवीच्या बाजूला आमचं भाड्याचं घर होतं आणि मागच्या अंगाला जिथे न्हाणीचं पाणी जाई तिथे अळू माजलेलं होतं. ते मी लावलेलं नव्हतं. माझ्या आधीच्या भाडेकरूनेही लावलेलं नसावं. पुढे एक गुलाब होता, पण त्याच्यावर शेजाऱ्यांच्या शेळीचा जीव होता, त्यामुळे त्याला पानं कशी असतात हे मी विसरलो होतो.

मंडळात वकील होते, मास्तर होते, कचेरीतले कारकून होते, आणि एक-दोघे खरे आंब्याचे बागायतदारही होते. हे बागायतदार सभेला क्वचित येत, कारण त्यांना बागेत काम असे. बाकीच्यांना सवड होती. घरामागच्या परसात पडवळ, दोडका, अबोली, केळी असं जे काही उगवत असे ते बायकांचं. आणि घरापुढच्या अंगणात जे मरत असे ते पुरुषांचं. या पुढच्या भागाला बाग म्हणण्याची पद्धत होती. त्यात विलायती गुलाब लावायचे. त्यांना कुणा सरदाराचं किंवा राणीचं नाव असे आणि ते पुण्याहून पेंढ्यात गुंडाळून येत. मांडवीचा खारा वारा लागला की राजघराणं महिन्याभरात संपे. मग सभेत त्यावर निबंध वाचला जाई.

आमचे अध्यक्ष कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार होते. शिरस्तेदार म्हणजे कोर्टातला मुख्य कारकून. जज्ज बदलत राहतात, शिरस्तेदार राहतो. त्यांनी तीस वर्षं कागद जागच्या जागी ठेवले होते. अंगाने उंच, ताठ. घरातसुद्धा पगडीशिवाय कुणासमोर यायचे नाहीत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट मिळाली नव्हती, ती म्हणजे रावसाहेब ही पदवी. नवीन वर्षाला आणि बादशहाच्या वाढदिवसाला पदव्यांची यादी वर्तमानपत्रात येई. त्या दिवशी ते आंघोळीआधीच ओटीवर पेपर उघडून बसत, आणि त्यांच्या घरासमोरून जाताना लोक मुद्दाम सावकाश चालत. त्या वर्षांत अर्धा देश पदव्या परत करा म्हणून ओरडत होता. शिरस्तेदारांचं दुःख असं की परत करायला आधी मिळायला हवी.

त्या श्रावणात एक दिवस मला टपालाने एक पत्र आलं. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद असल्यामुळे टपाल कोल्हापूरहून घाटातून मोटारीने येत असे आणि बहुतेक पत्रं येईपर्यंत पापडासारखी सादळलेली असत. हे पत्र मात्र ताठ होतं. कागद एवढा जाड की दुमडताना आवाज व्हावा. वर दोन मोर आणि त्यांच्यामध्ये एक सिंह, सगळे सोनेरी शाईत. पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मराठी अर्थ देतो. मराठीत त्याचा डौल जातो, पण खोटेपणा शाबूत राहतो. कुठल्याशा जागतिक उद्यान-अकादमीने माझ्या ‘जगद्विख्यात गुलाबवाटिकेची’ कीर्ती ऐकली होती. तज्ज्ञांच्या समितीने साऱ्या पश्चिम किनाऱ्यावरून माझी एकट्याची निवड केली होती. मला सुवर्णपदक बहाल झालं होतं, खाली त्याचं चित्रही होतं. मी फक्त होकार कळवायचा, की ते व्ही.पी.ने येईल. आणि घोषणा होईपर्यंत ही गोष्ट माझ्या सभासद बंधूंपासून गुप्त ठेवायची, कारण मत्सराचा संभव आहे.

व्ही.पी.चा व्यवहार तेव्हा सगळ्यांच्या परिचयाचा होता. पैसे भरल्याशिवाय पोस्टमन पुडकं हातात द्यायचा नाही आणि पुडकं हातात आल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही. म्हणजे आमच्या वेळच्या लग्नासारखंच.

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती अळूच चिरत होती.

“पदक कुणाला म्हणालात?”

“माझ्या गुलाबवाटिकेला.”

“मग अर्धं शेळीला द्या,” ती म्हणाली. “आणि कागद टाकू नका. लोणच्याच्या बरणीला बांधायला चांगला आहे.”

अकादमीला माझा पत्ता कुठून मिळाला याचं कोडं पडायचं कारण नव्हतं. मंडळाने ठराव करून आपला वार्षिक अहवाल छापला होता. त्यात सगळ्या सभासदांची नावं, पत्ते आणि प्रत्येकापुढे ‘उद्यानतज्ज्ञ’ असा शब्द होता. तो अहवाल मुंबई-कलकत्त्याच्या बियाणं विकणाऱ्या दुकानांना पाठवला गेला होता, आपली कीर्ती पसरावी म्हणून. ती पसरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गंमत सांगावी म्हणून, ते पत्र खिशात घालून मी शिरस्तेदारांकडे गेलो. त्यांचं घर आमच्यापासून चार घरं पलीकडे. ते ओटीवर नव्हते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मागच्या बाजूला बोट केलं.

परसात पडवळाचा मोठा मांडव होता. त्याच्याखाली शिरस्तेदार पगडीशिवाय, धोतर खोचून, हातात केळीच्या सोपटाची दोरी घेऊन उभे होते. मांडवावरून पडवळं लोंबत होती. एकेक पुरुषभर लांब, पांढऱ्या रेघांची. पडवळ हे जात्याच वळवळ्या स्वभावाचं. आपोआप वाढू दिलं तर सापासारखं वेटोळं करतं. म्हणून कोवळं असतानाच त्याच्या टोकाला दोरीने दगड बांधतात. दगड हलका असला तर उपयोग नाही, जड असला तर पडवळ तुटतं. शिरस्तेदार एकेका पडवळाखाली जाऊन दगड हातात तोलत होते, हा काढून तो बांधत होते. मला पाहताच त्यांनी दोरी मागे लपवली.

“हिच्या मदतीला आलो होतो जरा,” ते म्हणाले. काकू तर स्वयंपाकघरात होत्या. “हे काय, बायकांचं काम. चला, पुढे बागेत बसू.”

पुढे बागेत सहा कुंड्या होत्या. पाचांत काट्या आणि सहावीत एक पान. आम्ही त्यांच्यासमोर बसलो. शिरस्तेदारांनी पगडी घातली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, चिटणीस म्हणून तुम्हाला सांगतो. मंडळात कुणाला कळता कामा नये. मला पदक मिळालंय.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पत्र काढलं. दोन मोर, मध्ये सिंह.

माझा हात माझ्या खिशाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

“होकार कळवून टाकला,” ते म्हणाले. “पुडकं वाटेत असेल. आणि कलेक्टरसाहेबांना विनंती केलीय, त्यांच्या हस्ते पदक लावून घ्यायचं. पुढच्या रविवारी चहाला येतो म्हणाले. मंडळातल्या सगळ्यांना बोलवा, पण कशासाठी ते सांगू नका.”

“पण पत्रात गुप्त ठेवा म्हटलंय ना?”

“सरकारला सांगणं म्हणजे गुप्त ठेवणंच की हो!”

तीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःच्या नावाचा कागद आला होता. कापडात गुंडाळून ठेवल्यासारखा आनंद होता तो. त्याला हात लावायचा म्हणजे हात धुऊन यावं लागलं असतं.

निघताना फाटकाशी काकू आल्या. हातात पानात बांधलेलं पडवळ होतं.

“मास्तर, खरं सांगा. ते पदक खरं आहे काय हो?”

मी खिशातलं माझं पत्र काढून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोर ओळखता येत होते.

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. “गुलाबाबद्दल म्हणे पदक! त्या काट्यांवर मी रोज सोवळं वाळत घालते.” मग त्यांचा आवाज उतरला. “साहेबाने खोटं पदक ह्यांच्या छातीवर लावलं आणि नंतर गावाला कळलं, तर काय होईल माहित्ये ना? आपल्याकडे नाव पडलं की नातवापर्यंत जातं. ह्यांनी कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाचा कागद दाबला नाही. शेवटी ‘पदकवाले’ म्हणून हसतील लोक. हे घराबाहेर पडायचे नाहीत.”

“मी उद्या येऊन सांगतो त्यांना.”

“तोंडावर सांगू नका. तोंडावर सांगितलंत तरी तेच होईल. न सांगता सांगा.”

न सांगता सांगणं ही कोकणातली जुनी विद्या आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल त्याच्या गैरहजेरीत असल्यासारखं बोलायचं. मी ठरवलं की शनिवारच्या सभेत, संशयास्पद टपालापासून सावध राहा अशी एक सर्वसाधारण सूचना सगळ्या सभासदांना द्यायची. कुणाचं नाव नाही, कुणावर रोख नाही. शिरस्तेदार हुशार आहेत, समजतील.

सूचनेचा मसुदा घेऊन मी मंडळाच्या उपाध्यक्षांकडे, वकिलांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि पेन उघडलं. मी लिहिलं होतं, ‘न पाहिलेल्या बागेची स्तुती करणारी पत्रं खोटी समजावी.’ त्यांनी दुरुस्त केलं, ‘खोटी असण्याचा संभव, अन्यथा सिद्ध न झाल्यास, नाकारता येत नाही.’ असं सगळ्या वाक्यांचं झालं. शेवटी सूचनेतून धोका निघून गेला, फक्त भाषा उरली.

“वकीलसाहेब, तुम्हाला आलंय काय असलं पत्र?” मी सहज विचारलं.

“मला? छे!” ते म्हणाले, आणि समोरचे कागद उगीच सारखे केले. “म्हणजे एक आलंय. पण माझं जरा वेगळं आहे.”

मी माझा मूळ मसुदाच सभेला नेला.

शनिवारी संध्याकाळी सभा भरली. बाहेर रिपरिप चालू होती, आत ओल्या छत्र्यांचं तळं झालं होतं. पंधरा-वीस सभासद होते. शिरस्तेदार अध्यक्षस्थानी, पगडीवर नवी चमक. मी उठलो आणि सूचना वाचली. म्हटलं, मंडळी, हल्ली बागप्रेमी लोकांना काही पत्रं येत आहेत. ज्याने आपली बाग पाहिली नाही तो जर आपल्याला पहिला नंबर देत असेल, तर त्याने कुणाचीच बाग पाहिलेली नाही असं समजावं. कागद जेवढा जाड तेवढा मजकूर पातळ. मान दिला म्हणून जो व्ही.पी. पाठवतो, तो मान देत नाही, विकतो. आणि जो म्हणतो शेजाऱ्याला सांगू नका, त्याने शेजाऱ्यालाही तेच सांगितलेलं असतं.

मी खाली बसलो. मला वाटलं, बाण लागला. आणि मग टाळ्या पडल्या! अशा टाळ्या मंडळात कधी पडल्या नव्हत्या. एकेक जण उठून सूचनेला पाठिंबा देऊ लागला. अशा भामट्यांपासून भोळ्या सभासदांना वाचवलंच पाहिजे, असं प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून म्हणाला. वकिलांनी तर पाठिंब्याचं भाषणच केलं. कहर म्हणजे शिरस्तेदार स्वतः उभे राहिले.

“चिटणिसांनी फार वेळेवर इशारा दिला,” ते म्हणाले. “असल्या पत्राला जो भुलेल तो या मंडळाचा सभासद राहायला लायक नाही, असं माझं मत आहे. इतिवृत्तात नोंदवा, मास्तर.”

मी नोंदवलं. न सांगता सांगितलेलं सगळ्यांना कळलं होतं. फक्त आपल्याबद्दल आहे हे कुणालाच कळलं नव्हतं. आमच्या गावातली ही खोड जुनी आहे. देवीची साथ आली तरी ती पलीकडच्या आळीत आहे असं आम्ही म्हणतो.

आता एकच उपाय होता. मी पुन्हा उठलो आणि खिशातून माझं पत्र काढलं.

“इशारा कोरडा राहिला,” मी म्हटलं. “नमुना म्हणून मला आलेलं पत्रच वाचून दाखवतो.”

मोर दिसताच खोलीतली हालचाल थांबली. मी वाचू लागलो. माझ्या ‘जगद्विख्यात गुलाबवाटिकेचा’ उल्लेख आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “अळूवाटिका म्हणा!” आणि एक हशा झाला. तो जरा घाईचाच होता. मी पुढे गेलो. पहिल्या पानाच्या शेवटी एक मोठं वाक्य होतं: ‘आपल्या हातच्या फुलांनी केवळ आपलं अंगणच नव्हे, तर...’ इथे पान संपलं. जाड कागद एकमेकांना चिकटलेले, ते सुटेनात. मी बोटाला थुंकी लावली.

“...तर पौर्वात्य भूमीचं भाळ सुशोभित केलं आहे,” असा आवाज आला.

तो वकिलांचा होता. आणि तो एकटा नव्हता. उजव्या भिंतीकडून दोघांनी आणि दाराजवळच्या एकाने तेच शब्द तालात म्हटले होते. आरतीला जसं कुणी चुकत नाही तसं.

खोलीत असं काही झालं की ते लिहिणं कठीण. आधी कुणी कुणाकडे पाहीना. मग सगळे सगळ्यांकडे पाहू लागले. मग एकाने हळूच खिशातून आपलं पत्र काढलं, दुसऱ्याने छत्रीच्या घडीतून काढलं. रत्नागिरीत पोटात काही राहत नाही म्हणतात. इथे अख्ख्या मंडळाने इतके दिवस गुपित सांभाळलं होतं. त्या अकादमीने कुठला चमत्कार केला असेल तर हा.

“वकीलसाहेब, तुमचं वेगळं होतं ना?” मी विचारलं.

“आहेच,” ते म्हणाले. “माझ्या पत्रावर पत्ता वेगळा आहे.”

मग जो हशा झाला तो खरा होता. ज्याचं त्याचं हसं झालं, त्यामुळे कुणाचंच झालं नाही. हसला नाही तो एकच माणूस. शिरस्तेदार टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते. अध्यक्षांनी हसायचं नसतं, म्हणून त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्यांचा हात एकदा कोटाच्या आतल्या खिशाशी गेला आणि खाली आला. मग ते म्हणाले, “सभा संपली,” आणि छत्री न घेता बाहेर पडले.

म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनाही पत्र आलंय हे दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं. काकूंनी सांगितलेलं काम झालं होतं. पण रविवार दुसऱ्याच दिवशी होता, कलेक्टर येणार होता, आणि पदक लावायलाच येणार होता.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू दारातच होत्या.

“रात्री जेवले नाहीत,” त्या म्हणाल्या. “पहाटेपासून मांडवाखाली आहेत. साहेबाला येऊ नका म्हणून चिठ्ठी पाठवू काय विचारलं, तर बोलत नाहीत.”

शिरस्तेदार मांडवाखाली एका पडवळाकडे बघत उभे होते. सगळ्यांत लांब पडवळ ते. त्याची दोरी सुटून दगड पडला होता आणि टोक आकड्यासारखं वर वळायला लागलं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “मास्तर, इतिवृत्तात माझं कालचं एक वाक्य आहे.”

“ते काढून टाकू.”

“खोडायचं नाही. कोर्टात मी कधी खाडाखोड चालू दिली नाही.”

तेवढ्यात पुढून हाक आली. पोस्टमन होता. तेव्हा आमच्याकडे रविवारीही टपाल वाटत असत. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत एकाच आकाराची बरीच पुडकी होती.

“व्ही.पी. आहे,” तो म्हणाला. “सकाळपासून चार ठिकाणी हिंडलो. सगळे म्हणतात परत ने. वकिलांनी तर दारच उघडलं नाय. तुम्ही पण परतच करणार ना? मग इथंच सांगा, भिजवत कशाला नेऊ.”

काकूंनी शिरस्तेदारांकडे पाहिलं. त्यांना फक्त मान हलवायची होती.

“मागवलं मी,” शिरस्तेदार म्हणाले. “सोडवणारही मीच.”

त्यांनी पुडकं सोडवून घेतलं आणि मांडवाखाली आणून उघडलं. आत भुशात पदक होतं. बशीएवढं, पिवळंधमक, वर निळी फीत. एका बाजूला मोर आणि सिंह. दुसरी बाजू कोरी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पदकधारकाने आपलं नाव स्वखर्चाने कोरून घ्यावं. शिरस्तेदारांनी नखाने कडेला खरवडलं. सोनं नखात आलं आणि खाली शिसं दिसलं.

मला वाटलं, आता ते विहिरीत जाणार. पदक म्हणतोय मी. पण शिरस्तेदारांनी ते तळहातावर घेतलं आणि तोललं. एकदा, मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भाव आला, तो मी आदल्या आठवड्यात दगड निवडताना पाहिला होता. त्यांनी वर त्या वाकड्या पडवळाकडे पाहिलं.

“गो,” त्यांनी काकूंना हाक मारली, “सोपट आण बघू थोडं.”

निळी फीत त्यांनी काढून टाकली. “ही पावसात टिकायची नाही,” म्हणाले. पदकाच्या कडीतून सोपट ओवलं, पडवळाच्या टोकाला बेताने गाठ मारली आणि हळूच हात सोडला. पदक एकदा गोल फिरलं आणि थांबलं. पडवळ ताणलं गेलं, तुटलं नाही.

“वजन बरोबर आहे,” शिरस्तेदार म्हणाले. तीस वर्षं कोर्टात काढून त्यांनी स्वतः दिलेला हा पहिलाच निकाल असावा.

दुपारी मंडळी जमली. कशासाठी बोलावलं आहे कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंच्या हातच्या घावनांसाठी सगळे आले. कलेक्टर गोरा, तरुण, आणि पावसाला कंटाळलेला होता. चहा झाल्यावर त्याने जी गोष्ट काढायची तीच काढली. “शिरस्तेदार, ते पदक कुठे आहे? मी ते लावायला आलोय.”

पदक हा शब्द ऐकताच सगळ्या सभासदांचे पेले बशीवर टेकले. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक घट्ट धरून उभ्या होत्या.

“लावून झालंय, साहेब,” शिरस्तेदार आपल्या कोर्टातल्या इंग्रजीत म्हणाले. “मागे चला, दाखवतो.”

पगडी घातलेले शिरस्तेदार पुढे, मागे कलेक्टर, त्यामागे छत्र्या उघडून अख्खं मंडळ, अशी ती वरात पहिल्यांदाच पुढच्या बागेतून मागच्या परसात गेली. मांडवाखाली सगळे उभे राहिले. मध्यभागी ते पडवळ आणि त्याच्या टोकाला ते पदक, पावसाच्या थेंबांनी चमकत. वकिलांनी ते ओळखलं. सगळ्यांनीच ओळखलं, प्रत्येकाच्या पत्रात चित्र होतंच.

कलेक्टरने वाकून पाहिलं. “हे पदक नक्की कुणाचं?”

“पदक भामट्याकडचं आहे, साहेब,” शिरस्तेदार म्हणाले. “मला गुलाबांबद्दल आलं होतं. माझे गुलाब तुम्ही पुढे पाहिलेत. मी भुललो. पण हे पडवळ मी वाढवलंय, बी माझं, मांडव माझा, आणि असं पडवळ जिल्ह्यात दुसरं नाही. तेव्हा पदक त्याला दिलं. त्याला ते उपयोगी पडतं.”

एवढ्या लोकांत, एवढ्या स्वच्छपणे, ‘मी भुललो’ म्हणणारा माणूस मी तोवर रत्नागिरीत पाहिला नव्हता. नंतरही फारसे पाहिले नाहीत. कलेक्टर मोठ्याने हसला, पण त्या हसण्यात खोट नव्हती. मग त्याने पडवळाला बोट लावलं, दगड कशासाठी, किती जड, टोक कधी वळतं, असं एकामागून एक विचारत सुटला. शिरस्तेदार उत्तरं देत राहिले. चिखलात पाऊल जात होतं, तरी त्यांना भान नव्हतं. पंधरा-वीस उद्यानतज्ज्ञ छत्र्या धरून ऐकत होते, आणि हसावं की नाही हे ठरवत होते. हसायची सोय नव्हती. तेच पुडकं प्रत्येकाने त्या सकाळी दारातून परत लावलं होतं, आणि पोस्टमनला सगळं माहीत होतं.

“आता बाकी काय राहिलं?” वकील माझ्या कानाशी पुटपुटले. “आपण परत केलं ते चुकलंच म्हणायचं. माझे दोडके फार वाकडे येतात हो.”

काकू दारातून आत गेल्या. थोड्या वेळाने खोबरं खवल्याचा आवाज येऊ लागला.

जाताना कलेक्टर एक पडवळ घेऊन गेला. ते मोटारीत मावेना. खिडकीतून बाहेर काढून न्यावं लागलं. त्याच्या खानसाम्याने त्याचं काय केलं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शिरस्तेदारांच्या मागच्या दाराला लोक यायला लागले. काकूंना भीती होती तसं नाव पडलंच, पण ते पडलं पडवळाला. ‘पदकाच्या पडवळाचं बी आहे काय?’ असं विचारत गुहागरपर्यंतचे लोक येत. बी देताना शिरस्तेदार पगडी घालत नसत.

मंडळाच्या पुढच्या सभेत संशयास्पद टपालाबद्दलची सूचना रीतसर मंजूर झाली. शिरस्तेदारांच्या त्या वाक्यावरही प्रश्न निघाला: भुलणारा सभासद राहायला लायक नाही, तर मग अध्यक्षांचं काय? शिरस्तेदार म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा लावा. तसा लावला असता तर मंडळात दोन बागायतदार आणि मी तेवढे उरलो असतो, आणि बागायतदार त्या दिवशी आले नव्हते. विषय पुढे ढकलला, तो अजून पुढेच आहे.

मला आलेल्या पत्राचा कागद बायकोने बरणीला बांधला. लोणचं दोन वर्षं टिकलं; अकादमीचा एवढा उपकार मी मानतो.

त्यानंतरच्या जूनमध्ये, बादशहाच्या वाढदिवसाची यादी आली त्या सकाळी, मी मुद्दाम शिरस्तेदारांच्या घरावरून सावकाश गेलो. ते ओटीवर होते. समोर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. मी मनात म्हटलं, जुनं दुखणं, जाणार कसं?

जवळ गेलो तेव्हा दिसलं, पदव्यांच्या यादीवर त्यांनी पडवळाचं बी पसरलं होतं आणि एकेक दाणा दाबून पाहत होते. पोकळ निघालेला उडवून देत होते.

“बसा, मास्तर,” ते म्हणाले. “पाय तेवढा कागदाला लावू नका. आज पेरायचंय.”

शेजारी दगड ओळीने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. सोनं पार उडालेलं, काळं पडलेलं ते पदकही त्यांच्यात आपल्या वजनाच्या जागी होतं.